एनएचएलची सॅलरी कॅप आणि ‘कॅप हिट’चा घोळ: थोडी पार्श्वभूमी

एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची लीग, आणि सॅलरी कॅप म्हणजे एका टीमने सीझनमध्ये खेळाडूंच्या पगारावर जास्तीत जास्त किती खर्च करायचा त्याची मर्यादा. 2026-27 ला ही कॅप 104 मिलियन डॉलर आणि त्याच्या पुढच्या वर्षी 113.5 मिलियन होणार हे जाहीर झाल्यापासून सगळीकडे एकच सूर ऐकू येतोय, खेळाडूंची चांदी झाली. मला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगायचं तर मागचं जरा उकरावं लागेल, कारण कॅपच्या मुळाशी कमाईत कोणाचा वाटा किती हे जुनं भांडण आहे आणि त्याचं बिल बहुतेक वेळा खेळाडूंनीच भरलंय.

अगदी जुनं म्हणाल तर मंदीच्या काळात, 1930 च्या दशकात, लीगने टीममागे 62,500 डॉलर आणि खेळाडूमागे 7,000 डॉलर अशी मर्यादा घातली होती. ती मागे पडली आणि नंतर कित्येक वर्षं मालकांना कॅपची गरजच नव्हती, खेळाडू एकाच टीमला बांधलेला असायचा, देतील तो पगार घ्यायचा. 1972 ला समोर दुसरी लीग उभी राहिली, शिकागोचा मोठा स्टार मिलियन डॉलरच्या बोनसवर विनिपेगला गेला आणि पगार चढायला लागले. 1979 ला त्या लीगच्या चार टीम आत घेऊन ते मिटवलं. पुढे 1990 च्या सुमाराला खेळाडूंच्या युनियनने सगळ्यांचे पगार उघड केले. शेजारी बसून बूट बांधणाऱ्याला आपल्यापेक्षा किती जास्त मिळतात हे एकदा कळलं की माणूस पुढच्या वेळी गप्प बसून सही करत नाही.

मग कॅनडाच्या डॉलरचं प्रकरण. तिकडच्या टीमची कमाई कॅनेडियन डॉलरमध्ये, पगार मात्र अमेरिकन डॉलरमध्ये द्यायचे, आणि 2002 च्या सुरुवातीला कॅनेडियन डॉलर 62 अमेरिकन सेंटच्या आसपास आला होता. त्याच्या आधीच क्युबेकची टीम 1995 ला डेन्वरला आणि विनिपेगची 1996 ला फिनिक्सला गेली होती. लहान शहरं वाचवायची तर कॅप हवी, हा मालकांचा मुद्दा इथून आला आणि तो खोटा नव्हता, हे मीही मान्य करतो.

1994-95 ला 103 दिवस लॉकआउट झाला, त्यातून नवीन पोरांच्या पहिल्या करारावर मर्यादा आली, पण टीमवर कॅप आली नाही. खरा दणका 2004 ला. लक्षात घ्या, तो संप नव्हता, टाळेबंदी होती. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. लीगने हिशोब मांडला की 2002-03 ला सगळ्या टीम मिळून 273 मिलियनचा तोटा झालाय आणि कमाईतला पाऊण हिस्सा पगारात जातो. युनियनने तो हिशोबच मानला नाही, पण डिसेंबरमध्ये चालू करारांवर 24 टक्के कपात स्वतःहून देऊ केली. फेब्रुवारीत कॅपसुद्धा तत्त्वतः मान्य केली. शेवटी लीग 42.5 मिलियनवर आणि युनियन 49 वर अडून बसली, आणि 16 फेब्रुवारी 2005 ला अख्खा सीझन रद्द झाला. टीममागे साडेसहा मिलियनच्या फरकासाठी! उन्हाळ्यात करार झाला तेव्हा कॅप किती निघाली, तर 39 मिलियन, म्हणजे फेब्रुवारीत नाकारलेल्या आकड्याच्याही खाली, आणि 24 टक्के कपात गेली ती गेलीच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बरेच जण याची आयपीएलच्या पर्सशी गल्लत करतात. तिथे लिलावासाठी ठरवून दिलेला आकडा असतो. इथे कॅप लीगच्या कमाईवरून निघते, खेळाडूंचा वाटा ठरलेला असतो (आधी 54 टक्क्यांपासून सुरू, 2013 पासून 50) आणि टीमनी मिळून त्यापेक्षा जास्त पगार वाटले तर जादाचे पैसे खेळाडूंकडून परत घेतात. त्यासाठी प्रत्येक चेकमधून आधीच अनामत कापून ठेवतात, त्याला एस्क्रो म्हणतात. समजा करार दहा लाख डॉलरचा आहे आणि एस्क्रो दहा टक्के, तर एक लाख बाजूला पडतात, आणि वर्षअखेरीला कमाई कमी भरली की ते मालकांकडे जातात. म्हणजे बातमीत छापून येणारा पगार खेळाडूच्या हातात येतोच असं नाही. यात युनियनचाही हात आहे, कॅप दरवर्षी पाच टक्क्यांपर्यंत वाढवून घ्यायचा हक्क त्यांच्याकडे होता आणि तो वापरला की कॅप वाढायची आणि मागोमाग एस्क्रोही वाढायचा.

आता ‘कॅप हिट’. सगळा घोळ या शब्दात आहे. 2005 च्या करारात ठरलं की खेळाडूला कोणत्या वर्षी किती पैसे मिळतात ते कॅपसाठी बघायचं नाही, कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं, ही सरासरी दरवर्षी टीमच्या खात्यावर लावायची. ती सरासरी म्हणजे कॅप हिट. टीमवाल्यांनाही गणित येतं. शेवटी पाच-सहा वर्षं नाममात्र पगाराची जोडली की सरासरी खाली येते. वर नियम असा की करार पस्तिशीच्या आत सुरू झाला असेल आणि खेळाडू मध्येच रिटायर झाला तर त्याचा कॅप हिट पुसला जातो. पस्तिशीनंतरचा करार असेल तर मात्र तो चिकटून राहतो, म्हणून तर 2016 ला डेट्रॉइटने रशियाला परत जाणाऱ्या खेळाडूचा 7.5 मिलियनचा कॅप हिट ॲरिझोनाच्या गळ्यात घातला, आणि ॲरिझोनाने तो घेतला कारण खिशातून पैसे न जाता टीमने पगारावर निदान ठराविक खर्च दाखवायची लीगची अट भागायला मदत होत होती.

शिकागो, व्हँकुव्हर, डेट्रॉइट, सगळ्यांनी असे बारा-बारा वर्षांचे करार केले. लीगने कुरकुर केली, चौकशीसुद्धा केली, पण करार मंजूर झाले. मग जुलै 2010. आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो, तिथून ट्रेनने टीमचं नेवार्कचं स्टेडियम फार लांब नाही, त्यामुळे तो उन्हाळा माझ्या चांगला लक्षात आहे. न्यू जर्सीने 27 वर्षांच्या रशियन फॉरवर्डशी 17 वर्षांचा 102 मिलियनचा करार केला. रचना बघा: पहिली दोन वर्षं 6 मिलियन, मग पाच वर्षं 11.5, मग 10.5, 8.5, 6.5, 3.5, मग साडेसात लाख आणि शेवटची पाच वर्षं साडेपाच लाख. पहिल्या दहा वर्षांतच 95 मिलियन. कॅप हिट मात्र सतराही वर्षं 6 मिलियन. करार संपताना तो 44 चा झाला असता.

दुसऱ्याच दिवशी खेळाडूला जर्सी देऊन झाली, फोटो झाले, आणि संध्याकाळपर्यंत लीगने करार फेटाळल्याची बातमी आली. प्रकरण लवादाकडे गेलं, ऑगस्टमध्ये लवादाने लीगची बाजू उचलून धरली. म्हणणं असं की चव्वेचाळिशीपर्यंत खेळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, शेवटची वर्षं फक्त सरासरी पाडायला आहेत, हा कॅपला वळसा आहे. मान्य, वळसा होताच. पण त्याच निकालात टीमने किंवा खेळाडूने वाईट हेतूने हे केलं असा ठपका ठेवलेला नव्हता. तरीही नंतर 15 वर्षांचा 100 मिलियनचा दुसरा करार मंजूर झाल्यावर लीगने न्यू जर्सीला 3 मिलियन दंड केला, नवीन खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीतली एक निवड काढून घेतली, वर तिसऱ्या फेरीतलीही एक. लेखी नियमात वर्षांची कमाल मर्यादा नव्हतीच! बारा वर्षं चालतात आणि सतरा चालत नाहीत ही रेघ कुठे मारली होती, ते मला आजपर्यंत कोणी दाखवलेलं नाही. 2014 ला लीगने स्वतःच शिक्षा हलकी केली, दंड कमी केला आणि पहिल्या फेरीच्या शेवटी एक निवड परत दिली. शिक्षा बरोबर होती तर हलकी का केली?

2012-13 ला पुन्हा टाळेबंदी झाली, सीझन 48 मॅचचा उरला, आणि त्या करारात ही वाट बंद केली: स्वतःच्या खेळाडूला जास्तीत जास्त आठ वर्षं, बाहेरच्याला सात, एका वर्षातून दुसऱ्या वर्षात पगार किती खालीवर होईल यालाही बंधन. इथपर्यंत ठीक. पण सोबत ‘रिकॅप्चर’ आणलं, म्हणजे जुने लांबलचक करार असलेला खेळाडू लवकर रिटायर झाला की टीमने आधी कॅपमध्ये वाचवलेले पैसे नंतर तिच्याच कॅपवर लावायचे. आणि ते मागच्या तारखेपासून! व्हँकुव्हरने 2009 ला गोलकीपरशी 12 वर्षांचा 64 मिलियनचा करार केला होता, लीगनेच मंजूर केलेला. 2014 ला त्याला फ्लोरिडाला पाठवला, 2019 ला तो रिटायर झाला, आणि पुढची तीन वर्षं व्हँकुव्हरच्या कॅपमधून दरवर्षी 3 मिलियनच्या वर गेले, दुसऱ्या टीमकडून खेळून थांबलेल्या माणसासाठी. न्यू जर्सीचा खेळाडू तर 2013 लाच सगळं सोडून रशियाला गेला, करारातले 77 मिलियन शिल्लक असताना. त्याचे अडीच लाख डॉलर नेवार्कच्या हिशोबात 2024-25 पर्यंत दरवर्षी दिसत राहिले.

कोविडमध्ये तिकीटविक्री थांबली, पण करार तर आधीच झालेले, त्यामुळे पन्नास टक्क्यांच्या हिशोबाने खेळाडूच मालकांचं एक बिलियनपेक्षा जास्त देणं लागायला लागले. एस्क्रो 20 टक्क्यांवर गेला, कॅप 81.5 मिलियनवर तीन सीझन गोठली. मधल्या फळीतले खेळाडू, दोन-तीन मिलियन मिळवणारे, यात सगळ्यात जास्त भरडले गेले. स्टारचे करार आधीच झालेले, उरलेल्या जागेत बाकीच्यांना बसवायचं. आता एकदम 88, 95.5, 104 अशा उड्या दिसतायत त्यात या साठून राहिलेल्या वर्षांचा मोठा भाग आहे.

आणि जखमींच्या यादीचा वाद. मोठी दुखापत असली की त्या खेळाडूच्या कॅप हिटएवढं कॅपच्या वर जाता यायचं, आणि प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना, कॅप लागूच नव्हती. 2021 ला टँपाचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड हिपच्या ऑपरेशनमुळे 56 च्या 56 मॅच बाहेर, प्लेऑफच्या पहिल्या मॅचला हजर, 32 पॉइंट (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) आणि विजेतेपदाचा कप. बोटींच्या मिरवणुकीत त्याने ‘कॅपच्या वर 18 मिलियन’ असा टीशर्ट घातला होता. लीगने तपासलं, नियमात बसतंय म्हणून सोडून दिलं. न्यू जर्सीला मिळालेल्या वागणुकीशेजारी हे ठेवून बघा. ते दार आत्ता बंद झालंय, 2025-26 पासून प्लेऑफच्या मॅचला उतरणारे 20 खेळाडू कॅपमध्ये बसवावे लागतात. सप्टेंबर 2026 पासूनच्या करारात वर्षंही आठची सात आणि सातची सहा झाली.

एक गोष्ट त्या करारात तशीच राहिली. फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडात पगारावर राज्याचा आयकर नाही, मॉन्ट्रियल-टोरोंटोत कर भरपूर, पण कॅप हिट दोन्हीकडे करापूर्वीच्या रकमेवर धरतात. म्हणजे टँपा तोच खेळाडू कमी आकड्यात राजी करू शकते. 2020 ते 2025 मधले सहा कप बघा, त्यातले पाच फ्लोरिडा आणि नेवाडात गेलेत.