ऑपरेटिंग सिस्टिमची स्थापना-तारीख

संगणकाच्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम चढवली जाते तेव्हा सिस्टिम स्वतःच करून ठेवते ती कालनोंद. सेकंडहँड संगणक घेताना, दुरुस्तीहून आलेल्या यंत्रात खरोखर नवी विंडोज टाकली की नुसती साफसफाई केली हे पाहताना, तसेच न्यायवैद्यक तपासात ती उपयोगी पडते. यंत्र केव्हा बनले वा केव्हा विकले गेले याच्याशी तिचा थेट संबंध नाही.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर ‘सिस्टिमइन्फो’ असे टाइप केले की येणाऱ्या यादीत ‘ओरिजिनल इन्स्टॉल डेट’ ही ओळ असते. विंडोज १० व ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या पानावरही ‘इन्स्टॉल्ड ऑन’ अशी तारीख दिसते, वेळ मात्र दिसत नाही. मूळ नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत मांडणीच्या नोंदींचा साठा), विंडोज एनटी या आजच्या विंडोजच्या पायाभूत प्रणालीच्या ‘करंटव्हर्जन’ या शाखेत ‘इन्स्टॉलडेट’ नावाने असते. ती १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांची संख्या असून जागतिक प्रमाणवेळेत मोजलेली असते. उदाहरणार्थ, १७०००००००० हा आकडा १४ नोव्हेंबर २०२३, रात्री १० वाजून १३ मिनिटे २० सेकंद ही वेळ दाखवतो. त्यात साडेपाच तास मिळवले की भारतात १५ तारखेची पहाट, ३ वाजून ४३ मिनिटे २० सेकंद होतात. आकडा हाताने सोडवणाऱ्यांचा एक दिवस चुकतो तो येथेच.

अलीकडच्या आवृत्त्यांत त्याच शाखेत ‘इन्स्टॉलटाइम’ ही दुसरी नोंदही आढळते. तिची मोजणी १ जानेवारी १६०१ पासून, सेकंदाच्या एक कोटीव्या भागांत चालते. हेच वर्ष का, याविषयी दोन मते आहेत. ग्रेगोरियन दिनदर्शिकेचे चक्र ४०० वर्षांचे असल्याने, विंडोज एनटी आखली गेली तेव्हा चालू असलेल्या चक्राचा प्रारंभ धरला, असे एक मत. कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतील दिवसांची मोजणीही १६०१ च्या पहिल्या दिवसापासून असल्याने तो पायंडा उचलला, असे दुसरे. पहिले मत अधिक ग्राह्य दिसते. कोबोलच्या निवडीमागेही लीप वर्षांचा हिशेब सोपा करण्याचीच सोय असावी.

खरा वाद आहे तो स्थापना कशाला म्हणावे याचा. विंडोज १० पासून मोठे फीचर अपडेट म्हणजे प्रत्यक्षात जागेवरच केलेली नवी स्थापना होय, आणि त्यासोबत ‘इन्स्टॉलडेट’ बदलते. त्यामुळे २०१६ मध्ये चढवलेली सिस्टिम २०२२ ची तारीख दाखवू शकते, लेबल ‘ओरिजिनल’ असले तरी. जुन्या तारखा नष्ट होत नाहीत. रजिस्ट्रीच्या ‘सिस्टिम’ विभागात ‘सेटअप’ शाखेखाली ‘सोर्स ओएस’ नावाच्या कप्प्यांत त्या प्रत्येक अपडेटगणिक साठत जातात. सिस्टिमचे वय काढायचे तर यांपैकी सर्वांत जुनी तारीख धरणे इष्ट. अर्थात फॉरमॅट मारून डिस्क कोरी केली असेल तर हे कप्पेही गेलेले असतात.

जळगाव, धुळे व नंदुरबारकडे शाळा, ग्रामपंचायती आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांत एकाच साच्यातील अनेक यंत्रे असतात. सिसप्रेप (नक्कल करण्याआधी यंत्राच्या खास खुणा पुसणारे विंडोजचे साधन) न चालवता एका डिस्कवरून दुसऱ्या क्लोन केल्या असतील, म्हणजे हुबेहूब उतरवल्या असतील, तर सगळ्यांची स्थापना-तारीख सेकंदापर्यंत एकच निघते. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील पोथ्या हाताळणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल: नकलकाराने मूळ पुष्पिकाही (पोथीअखेरची लेखनकाळ वगैरे सांगणारी नोंद) जशीच्या तशी उतरवली की शक जुना दिसतो, कागद मात्र नवा असतो. अशा वेळी डेडस्टॉक रजिस्टरातील (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतील) खरेदीची तारीख ताडून पाहावी. ती संगणकाच्या नोंदीपेक्षा नंतरची असेल तर क्लोनचा किंवा जुन्या यंत्राचा संशय घेण्यास जागा आहे.

दुसरी अडचण घड्याळाची. वीज नसताना मदरबोर्डवरचे घड्याळ सीआर २०३२ या बटण सेलवर चालते. भारनियमनाच्या गावांत, महिनोन्महिने बंद खोलीत ठेवलेल्या यंत्रांत, तो लवकर उतरतो. सेल संपला की घड्याळ बोर्डाच्या ठरावीक जुन्या तारखेवर जाते. त्याच अवस्थेत, इंटरनेट न जोडता विंडोज टाकली तर तीच तारीख नोंदली जाते. पुढे घड्याळ सुधारले तरी नोंद सुधारत नाही. विंडोज १० सर्वांसाठी २९ जुलै २०१५ रोजी खुली झाली, विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी. चाचणी आवृत्त्या सोडल्यास त्याआधीची तारीख दाखवणारी नोंद सरळ बाद करावी. उलट दिशेची चूक, म्हणजे पुढे गेलेले घड्याळ, एवढ्या सहज पकडता येत नाही.

लिनक्समध्ये अशी एक ठरलेली नोंद नाही. ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) असल्यास ‘ट्यूनटूएफएस’ ही आज्ञा ती केव्हा तयार झाली ते सांगते, पण ती डिस्कचे विभाजन (पार्टिशन) फॉरमॅट केल्याची वेळ असते. उबंटू व डेबियनमधील इन्स्टॉलरच्या लॉग फाइली किंवा फेडोरातील ‘ॲनाकोंडा-केएस’ ही फाइल यांच्या तारखा म्हणून अधिक भरवशाच्या. मॅकओएसमध्ये ‘ॲपलसेटअपडन’ या लपवलेल्या फाइलीची तारीख पाहतात. ती पहिल्या वापरकर्त्याची मांडणी पुरी झाल्याची असते.