घरगुती हिंसाचाराविरुद्ध अर्ज: कुठे जायचं, काय लिहायचं, मोफत वकील कसा मिळतो

‘आधी पोलिसांत गुन्हा नोंदवा, मग बघू’ असं सांगून अनेक जणींना परत पाठवलं जातं. कायद्यात अशी अट नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 खाली थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी एफआयआर लागत नाही, घटस्फोटाचा दावा लागत नाही, सासर सोडावं लागत नाही. नवऱ्याला तुरुंगात धाडायचं नाही, पण मार थांबला पाहिजे आणि डोक्यावरचं छप्पर जाता कामा नये, असं म्हणणाऱ्या बाईसाठी हा मार्ग आहे. छळाचा फौजदारी गुन्हा (पूर्वीचं 498अ, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 85) वेगळा. हवा असेल तर तोही सोबत नोंदवता येतो.

अर्ज फक्त पत्नीच करते असं नाही. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी स्त्री, आई, बहीण, मुलगी, विधवा सून, सगळ्यांना हा कायदा लागू आहे. त्या घरात आज राहत असोत किंवा पूर्वी राहिलेल्या असोत. सासू-नणंदेविरुद्धही अर्ज होतो. मुंबईतल्याच एका प्रकरणात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रतिवादी (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो) प्रौढ पुरुषच हवा’ ही मर्यादा काढून टाकली. आणि हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे. मूल होत नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोचून बोलणं, घरखर्च बंद करणं, पगार काढून घेणं, दागिने परस्पर विकणं हेही त्यात येतं.

जिवाला धोका असेल तर कागदपत्रांचा विचार नंतर करा. आधी 112 लावा. महिला हेल्पलाइन 181 आहे. फोन झाल्यावर नंबर कॉलच्या यादीतून पुसून टाका. वन स्टॉप सेंटर म्हणजे सखी केंद्रात काही दिवसांचा निवारा, समुपदेशन आणि कायद्याचा सल्ला मिळतो. पोलिसांच्या आवारात चालणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष हाही भरवशाचा आधार आहे. हे काम मुंबईत 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केलं.

अर्जाच्या कामात मुख्य माणूस म्हणजे संरक्षण अधिकारी. तुमच्या भागासाठी कोण नेमले आहेत, ते जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात कळतं. तक्रार तोंडी सांगितली तरी त्यांनी ती लिहून घ्यायची, तुमची सही घ्यायची आणि प्रत मोफत द्यायची असा नियम आहे. शेजारीण किंवा भाऊही त्यांना कळवू शकतो. चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर कारवाई होत नाही. त्यानंतर नमुना 1 मध्ये घरगुती घटना अहवाल, कोर्टाच्या भाषेत डीआयआर, तयार होतो.

या अहवालासाठी घाई करू नका. ‘पती नेहमी मारतो’ एवढ्याने काही उभं राहत नाही. त्याऐवजी असं सांगा: ‘होळीच्या दुसऱ्या दिवशी रात्री भाकरी करपली म्हणून उलथन्याने डाव्या मनगटावर मारलं. शेजारच्या काकूंनी सोडवलं. सकाळी ग्रामीण रुग्णालयात पट्टी केली.’ तारीख आठवत नसेल तर सण, शाळेची सुट्टी, पेरणी अशी खूण सांगा. स्त्रीधनाची यादीही अशीच बारकाईने द्या: मंगळसूत्र किती तोळ्यांचं, बांगड्या किती, माहेरचं कपाट, भांडी, आणि ते आज कुणाच्या ताब्यात आहे. सही करण्याआधी अहवाल वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. अहवाल व्हायला उशीर होत असेल तर अडून बसू नका. तो नसला तरी कोर्ट आदेश देऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे.

कागदपत्रांत आधार किंवा रेशनकार्ड, लग्नाचा दाखला (नसेल तर पत्रिका, फोटो), मुलांचे जन्मदाखले, दवाखान्याचे कागद, पोलिसांतल्या एनसीच्या (अदखलपात्र तक्रारीच्या नोंदीच्या) प्रती, धमक्यांचे मेसेज, जखमांचे फोटो जे असेल ते जोडा. मेसेज डिलीट करू नका, तो मोबाइल जपून ठेवा. पोटगी मागत असाल तर उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र दोन्ही बाजूंना द्यावं लागतं. नवऱ्याची पगारपावती, सातबारा, बँकेचे तपशील यांचे फोटो संधी मिळेल तेव्हा काढून ठेवा. पण कागद सासरी अडकलेत म्हणून अर्ज थांबत नाही.

वकिलाचा खर्च ही सगळ्यात मोठी भीती असते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार महिलेला उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला कुणी मागितला तर हे कलम दाखवा. जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका कोर्टातली विधी सेवा समिती इथे साधा अर्ज आणि ओळखपत्र द्यायचं. हेल्पलाइन 15100 आहे.

अर्ज तुम्ही सध्या राहता त्या ठिकाणच्या कोर्टातही चालतो, म्हणजे माहेरी आला असाल तर तिथल्या. पहिली तारीख साधारण 3 दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून मूळ अर्जासोबतच 2005 च्या कायद्याच्या कलम 23 खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या, आदेशाचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्याच. वकील ‘पुढे बघू’ म्हणाले तरी आग्रह धरा. समोरचा हजर नसतानाही असा आदेश मिळू शकतो. मारहाणीला मनाई, घरात राहण्याचा हक्क, पोटगी, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. घर सासूच्या नावावर आहे म्हणून राहण्याचा हक्क आपोआप जात नाही.

आदेशाची प्रत मोफत मिळते आणि पोलीस ठाण्यालाही जाते. तुमची प्रत जवळ ठेवा. संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा), अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेश तुमच्याविरुद्ध गेला तर 30 दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं, आणि त्यासाठीही विधी सेवेचा वकील मागता येतो.