पिस्तुलाचे आतून घोटकाम

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाच्या आत जे भाग एकमेकांवर घासतात किंवा ज्यांच्यावरून काडतूस सरकते, त्यांच्यावरची बर (कडेला राहिलेले धातूचे बारीक कुसळ), यंत्राने पाडलेल्या रेघा आणि खरखर काढून ते गुळगुळीत करण्याचे काम. पिस्तूल सुबक दिसावे हा हेतू नसतो. काडतूस मध्येच अडकू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप. अमेरिकेतल्या हौशी शस्त्रधारकांत याला 'फ्लफ अँड बफ' असे यमकी नाव आहे. फ्लोरिडातल्या केल-टेक कंपनीची छोटी, स्वस्त खिशातली पिस्तुले बाळगणाऱ्यांत ते विशेष रुळले. व्यावसायिक बंदूक-कारागीर मात्र हे काम त्याच्या कितीतरी आधीपासून करत आले आहेत.

गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाते आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. मग स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते. पुढे येताना स्लाइड मॅगझिनमधले वरचे काडतूस उचलते, एका छोट्या उतारावर चढवते आणि नळीच्या मागच्या पोकळीत बसवते. या परतीच्या प्रवासात जोर असतो तो फक्त स्प्रिंगचा. तो खरखरीत वाया गेला, तर स्लाइड केसभर अलीकडेच थांबते आणि चाप ओढून काही होत नाही. नवे पिस्तूल पहिल्या शे-दोनशे गोळ्यांत कुरकुरते आणि नंतर सुधारते, याचेही कारण हेच: भाग आपसात घासून स्वतःला घोटून घेतात. घोटकामात तेच काम आधी आणि हव्या त्याच जागी करून घेतले जाते.

याचे जुने आणि सगळ्यात चघळले गेलेले उदाहरण म्हणजे अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगचे एम १९११ पिस्तूल. मार्च १९११ मध्ये अमेरिकी सैन्याच्या चाचणीत त्याने ६,००० गोळ्या एकदाही न अडता झाडल्या आणि त्याच महिन्यात ते सैन्यात स्वीकारले गेले. तेव्हाची गोळी होती .४५ कॅलिबरची, २३० ग्रेन वजनाची (सुमारे १५ ग्रॅम), गोल नाकाची, तांब्याच्या मिश्रधातूने मढवलेली. अशी गोळी उतारावरून सुपारीसारखी घरंगळत जाते. पुढे पोकळ टोकाच्या आणि चपट्या नाकाच्या गोळ्या आल्या. त्यांची कड उताराला टोचू लागली आणि तेच पिस्तूल अडू लागले. म्हणजे बिघाड पिस्तुलात नव्हता, खाऊ बदलला होता. त्यानंतर नळीच्या मागच्या तोंडाशी उतार रुंद करणे आणि उतार आरशासारखा घोटणे, हा १९११ वर काम करणाऱ्या कारागिरांचा नेहमीचा धंदा झाला.

या पिस्तुलात उतार दोन तुकड्यांत असतो. खालचा चौकटीवर (पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्यावर), वरचा नळीवर. दोहोंमध्ये सुमारे ०.८ मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवलेली असते. नवशिका ती पाहतो, चूक समजतो आणि दोन्ही उतार घासून एकसंध करतो. मग नळीची कड पुढे निघून आलेल्या काडतुसाला आडवी येते आणि आधी क्वचित अडणारे पिस्तूल दर मॅगझिनला अडते. चौकटीवरच्या उताराचा कोन साधारण ३१.५ अंश धरतात. तो बदलला की पूर्ववत करणे वेल्डिंगशिवाय जमत नाही. नळीच्या बाजूने जास्त धातू गेला तर पुंगळीचा बुडाकडचा भाग आधाराविना राहतो आणि दाबाने फुटू शकतो. घासणे आणि घोटणे यांतला फरक इथे कळतो. घोटताना आकार जसाच्या तसा राहिला पाहिजे.

कुठे घोटायचे हे जाणता कारागीर पिस्तुलालाच विचारतो. संशयाच्या जागी काळ्या मार्करने रंग लावायचा, बिनदारूची नकली काडतुसे भरायची आणि स्लाइड हाताने मागेपुढे करायची. जिथला रंग उडाला तिथेच घर्षण आहे. बाकीच्या जागांना हात लावण्याचे कारण नाही. उतारावरची तांबूस रेघही हेच सांगते. काम असते बारीक पॉलिश पेपरचे, नमद्याच्या बोंडाचे आणि सोनार वापरतात त्या लाल पावडरीचे. फिरत्या यंत्राने ते पाच मिनिटांत होते आणि पाच मिनिटांतच बिघडते.

उताराखेरीज पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याची खालची कड हलकी मोडतात, कारण काडतुसाचे बूड वर सरकताना त्याखाली शिरायचे असते. स्लाइडच्या आतला सपाट भाग आणि चापाची पट्टी यांवरही हात फिरवतात. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर मात्र संयम हवा. तिच्यावरचा ॲनोडायझिंगचा कठीण थर अत्यंत पातळ असतो. तो निघाला की खालचा मऊ धातू गोळ्यांच्या माऱ्याने झिजत जातो.

घोडा अडवून धरणारी खिटी, म्हणजे सिअर, हा वेगळाच विषय आहे. ती गुळगुळीत केली की चाप हलका आणि स्वच्छ लागतो, पण कोन किंचित ढळला तर स्लाइड पुढे येताच घोडा तिच्यामागोमाग पडू शकतो. काडतूस भरण्या-निघण्याशी या भागाचा संबंध नाही. विश्वासार्हतेच्या नावाखाली त्याला हात लावणे निव्वळ आगाऊपणा आहे.

कारखान्यांनीही पुढे धडा घेतला. ब्राउनिंगने सुरू केलेल्या आणि बेल्जियममध्ये द्यूदोने सेव्ह याने पूर्ण केलेल्या हाय-पॉवर पिस्तुलाच्या जुन्या नळ्यांच्या उतारावर एक उंचवटा असे. गोल नाकाच्या गोळ्यांना तो चाले, पोकळ टोकाच्यांना नडे. नंतरच्या नळ्यांत उतार सरळ करण्यात आला. भारतीय सैन्य आणि पोलिसांच्या वापरातले, ईशापूरच्या कारखान्यात बनणारे ९ मिमी १ए पिस्तूल याच हाय-पॉवरच्या घराण्यातले.

भारतात घरच्या टेबलावर हे काम करण्याची सोय नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्ती, रूपांतर आणि चाचणी यांच्या धंद्याला स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरत नाही.