पार्श्वभूमी: स्थानिक किंमत, संख्यावाचन आणि दशांश चिन्ह

दुसरीतल्या मुलाला ‘त्रेसष्ट’ लिहायला सांगितले की ते पुष्कळदा ३६ लिहिते, कारण त्याच्या कानावर तीन आधी पडतो आणि साठ नंतर. स्थानिक किमतीच्या अध्यापनातली ही अडचण जुनी आहे.

दशमान स्थानमूल्य पद्धत भारतातलीच आहे. इसवी सन ८७६च्या ग्वाल्हेर येथील शिलालेखात २७० ही संख्या शून्यासह कोरलेली आढळते. मात्र एककाच्या उजवीकडची स्थाने, म्हणजे दशांश आणि शतांश, आपल्या रोजच्या व्यवहारात फार उशिरा आली. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै असताना अडीच रुपये ‘२।।’ असे लिहीत आणि हिशेब पावकी, निमकी, सवायकी, दिडकी या पाव, अर्धा, सव्वा आणि दीडच्या पाढ्यांवर चाले. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, १९५८पासून टप्प्याटप्प्याने शेर-मणाच्या जागी किलो-क्विंटल आले, आणि सांगलीच्या हळदीचा भाव दशमान मापात बोलला जाऊ लागला.

त्यानंतरचा सर्वांत वादग्रस्त निर्णय २०१९चा. त्या वर्षीच्या दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात एकवीसपासून पुढच्या संख्या ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशा वाचण्याची रीत देण्यात आली. मराठी भाषा बिघडेल, जोडाक्षरे जातील, अशी टीका झाली आणि विधानसभेतही त्याचे पडसाद उमटले. जुनी नावे पुस्तकातून काढलेली नव्हती, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. खरा प्रश्न दशकाच्या स्थानाचा होता. ‘एकोणसाठ’ म्हणताना मूल साठ ऐकते, पण दशकाच्या घरात त्याला ५ लिहावा लागतो. एकोणऐंशी, एकोणनव्वद याच वळणाने जातात, तर ९९ला मात्र नव्व्याण्णव म्हणायचे असते. सांगली जिल्ह्यात तर या वादाचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. जत तालुक्यातल्या कन्नड माध्यमाच्या शाळांत तेवीसला ‘इप्पत्तमूरु’ म्हणतात. तिथे वीस आधी आणि तीन नंतर, म्हणजे फळ्यावर अंक ज्या क्रमाने लिहिले जातात त्याच क्रमाने. नव्या रीतीत लिहिणे आणि बोलणे यांचा असाच मेळ होता, आणि पहिल्या दोन इयत्तांपुरती ती रीत शांतपणे वापरून पाहायला हवी होती. बाजारात आणि घरात जुनीच नावे चालतात, म्हणून मुलाला दोन्ही शिकावी लागतील, हा आक्षेप मात्र वजनदार होता.

दशांश अपूर्णांकांत घोटाळा वेगळा होतो. २.३५चे वाचन ‘दोन पॉइंट पस्तीस’ असे केले की ती संख्या २.४पेक्षा मोठी वाटते, कारण पस्तीस हा चारापेक्षा मोठा. ‘दोन पूर्णांक तीन दशांश पाच शतांश’ असे वाचल्यास तुलना दशांशाच्या घरातच संपते. सांगलीत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी फूट-इंचांत सांगतात. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ४४ फूट ६ इंच म्हणजे ४४.५ फूट आणि ४४ फूट ११ इंच म्हणजे सुमारे ४४.९२ फूट. याच नोंदी कोणी ४४.६ आणि ४४.११ अशा टिंब देऊन लिहिल्या, तर पाणी पाच इंचांनी चढलेले असतानाही दशांश शिकलेल्या मुलाला ते उतरल्यासारखे दिसते.