हेलिकॉप्टरवाहू जहाजे आणि पाणबुडीविरोधी युद्ध

पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी नौदलाने कोणते हेलिकॉप्टरवाहू जहाज घ्यावे, ही निवड डेकच्या लांबीवर होत नाही. जहाज किती आवाज करते, किती वेगाने धावते आणि त्यावरची किती हेलिकॉप्टरे आळीपाळीने हवेत राहू शकतात, यावर ती ठरते.

उभयचर जहाजाचे मूळ काम सैनिक आणि रणगाडे किनाऱ्यावर उतरवण्याचे. त्याच्या पोटात गोदी असते. टाक्यांत पाणी भरले की मागचा भाग खाली बसतो आणि गोदीतल्या लहान नौका तरंगत बाहेर पडतात. फ्रान्सच्या मिस्ट्राल जहाजावर १६ हेलिकॉप्टरे मावतात, पण वेग जेमतेम १९ नॉट (ताशी सुमारे ३५ किमी). जपानची २००९ साली सेवेत आलेली ह्युगा दिसायला तशीच सपाट. मात्र तिला स्वतःचा सोनार (ध्वनीने पाण्याखालच्या वस्तू शोधणारे यंत्र) आहे, पाणबुडीविरोधी अस्त्रे आहेत आणि ती ३० नॉटने धावते. भारताचे जलाश्व (२००७, पूर्वीचे अमेरिकी ट्रेंटन) पहिल्या, म्हणजे उभयचर जातीचे. पाणबुडीची भीती असलेल्या पाण्यात त्यालाच राखणदार लागतात.

हेलिकॉप्टरचा फायदा साधा आहे. ते पाण्यावर एका जागी थांबते, केबलने सोनार खाली सोडते, कानोसा घेते, सोनार वर ओढते आणि पुढच्या जागी जाते. पाणबुडीचा टॉर्पेडो (पाण्याखालून जाणारे अस्त्र) हवेतल्या हेलिकॉप्टरचे काही बिघडवू शकत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात वरचे पाणी तापले की ध्वनी खाली वळतो आणि जहाजाच्या तळाशी बसवलेला सोनार अर्धा बहिरा होतो. केबलवरचा सोनार त्या थराच्या खाली उतरवता येतो. गोव्यात बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात सी किंग हेलिकॉप्टर उभे आहे. बहुतेक पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढून पुढे जातात, पण हे काम त्या जातीच्या हेलिकॉप्टरांनी वर्षानुवर्षे केले.

९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने भारताची खुकरी ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दीव तेव्हा गोव्याच्याच केंद्रशासित प्रदेशात होते. खुकरी मुळात पाणबुडीविरोधी फ्रिगेट, पण तिचा सोनार हंगोरच्या मानाने तोकडा होता.

एकच जहाज भूमिका बदलू शकते का? भारताच्या विराट या विमानवाहू नौकेने ते करून दाखवले. ब्रिटिशांकडे हर्मिस नावाने असताना ती विमानवाहू होती, मग कमांडो-वाहू झाली आणि १९७६ पासून पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टरांची नौका. १९८७ मध्ये ती भारताकडे आली. तिच्या सी हॅरियर लढाऊ विमानांचा किनाऱ्यावरचा तळ गोव्यातला दाबोळी. पण तिचा सांगाडा मूळचाच वेगवान नौकेचा होता. संथ उभयचर जहाजाला उलट दिशेने असे बदलणे फार अवघड.

गोव्यासमोरच्या समुद्रासाठी मोठ्या डेकची निकड तशी कमी. दाबोळीहून १९७७ ते २०२३ आयएल-३८ विमाने गस्त घालत होती, आता पी-८आय घालतात. डेक लागतो तो किनाऱ्यापासून फार दूर. तिथे एक हेलिकॉप्टर सतत हवेत ठेवायचे तर हाताशी तीन-चार हवीत: एक कामावर, एक इंधन भरताना, एक दुरुस्तीत. भारताच्या २०२० च्या करारातली एमएच-६०आर ही पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टरे एकूण २४, आणि फ्रिगेटी, विनाशिका, विमानवाहू नौका या सगळ्यांचा वाटा त्यातूनच निघायचा. एका नव्या जहाजाने आठ नेली, तर बाकीच्यांसाठी सोळाच उरतात.