खुबा तपासणी, अर्भकांची

खुबा तपासणी, अर्भकांची : मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या उखळीत बसले आहे का, उखळीला पुरेशी खोली आहे का आणि सांधा स्थिर आहे का, हे जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत पाहण्याची रीत. हाताने केलेली परीक्षा, सोनोग्राफी आणि एक्स-रे ही तिची अंगे. ज्या दोषासाठी ती करतात त्याला पूर्वी ‘जन्मजात निखळलेला खुबा’ म्हणत. बेलग्रेडचे शल्यविशारद प्रेद्राग क्लिसिच यांनी १९८९ मध्ये ‘जन्मजात’ऐवजी ‘विकासात्मक’ हे विशेषण सुचवले आणि पुढे तेच रूढ झाले. दवाखान्यात ऐकू येणाऱ्या ‘डीडीएच’ (डेव्हलपमेंटल डिस्प्लेजिया ऑफ द हिप) या आद्याक्षरांतला पहिला ‘डी’ तोच. हा बदल केवळ शाब्दिक नव्हे. जन्मवेळी जागेवर असलेला सांधाही नंतर सरकू शकतो. त्यामुळे एका तपासणीत ‘सगळे ठीक’ निघाले, तरी पुढच्या तपासण्या चुकवता येत नाहीत.

मुलगी असणे, पहिलटकरणीचे बाळ असणे, गर्भजल कमी असणे आणि आईवडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कोणाला हा दोष असणे, ही जोखमीची प्रमुख कारणे. डावा खुबा उजव्यापेक्षा अधिक वेळा बाधित होतो. सर्वांत वजनदार कारण म्हणजे गर्भाशयात बाळाचे बूड खाली असणे. आपल्याकडे ‘पायाळू’ म्हणतात ते या गटातले, पण अधिक धोका पायाकडून येणाऱ्यापेक्षा गुडघे ताठ ठेवून बुडाकडून येणाऱ्या बाळाला मानतात. उसण भरलेल्या कमरेला पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची समजूत सर्वपरिचित आहे. त्या पायाळूचा स्वतःचा खुबा तपासायला हवा, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

उगमाचा वाद : खुबा निखळण्याचा उल्लेख हिपोक्रेटसच्या परंपरेतील ग्रंथांत आहे. नवजात बाळाच्या सांध्याची ढिलाई हाताने ओळखण्याचे श्रेय सामान्यतः इटलीतील फेरारा येथील बालरोगतज्ज्ञ मारिनो ओर्तोलानी यांना देतात. त्यांचा लेख १९३७ चा. पण जर्मनीतील विल्हेल्म रोझर यांनी १८७९ च्या सुमारास, मांडी आत घेतली की डोके बाहेर जाते आणि फाकवली की परत बसते, असे नोंदवले होते. फ्रान्समधील रेन येथील पिएर ल दमानी यांनीही विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अशाच ‘उसळी’च्या चिन्हाचे वर्णन केले. स्वतः ओर्तोलानींच्या लेखाचे शीर्षकच ‘एक कमी परिचित चिन्ह’ अशा अर्थाने सुरू होते. आपण काही अगदी नवे सांगतो आहोत, असा त्यांचा आव नसावा. अग्रक्रम रोझर यांचा आणि प्रसार ओर्तोलानींचा, ही वाटणी त्यातल्या त्यात न्याय्य दिसते. बाळाला धुताना हाताला काहीतरी लागते, अशी एका आईची तक्रार ऐकून ओर्तोलानींचे लक्ष या चिन्हाकडे गेले, असे सांगतात. तसे असेल, तर हे चिन्ह प्रथम न्हाऊ घालणाऱ्या हातांनी टिपले.

त्यांनी वापरलेला इटालियन शब्द ‘स्कात्तो’. त्याचे इंग्रजी भाषांतर ‘क्लिक’ झाले आणि घोळ सुरू झाला. ओर्तोलानींना अभिप्रेत होता तो उखळीच्या काठावरून डोके आत घसरताना हाताला जाणवणारा गचका. कानाला ऐकू येणारा बारीक ‘कट्’ आवाज बहुधा स्नायुबंधांचा असतो आणि एरवी सांधा ठीक असेल तर तो निरुपद्रवी ठरतो. इंग्लंडमधील सॅल्फर्डचे टी. जी. बार्लो यांनी १९६२ मध्ये उलट बाजूची परीक्षा मांडली. ओर्तोलानींच्या परीक्षेत बाहेर गेलेले डोके आत बसवून पाहतात, तर बार्लोंच्या परीक्षेत आत असलेले डोके हलक्या दाबाने बाहेर जाते का ते पाहतात. त्यांच्या पाहणीत सुमारे ६० बाळांमागे एकाचा खुबा अस्थिर आढळला. मात्र त्यांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या आठवड्यात आणि ८८ टक्के दोन महिन्यांत आपोआप स्थिरावले. लगेच उपचार करावा की थांबावे, या वादाचे मूळ या आकड्यांत आहे.

दोन्ही परीक्षांची अट एकच : बाळ सैल पडलेले हवे. रडणारे बाळ मांड्या आखडते आणि सुटलेला सांधाही त्या ताणात घट्ट भासतो. म्हणून बाळाला शांत करणे हा तपासणीचाच भाग ठरतो. दूध पाजून, ढेकर काढून, खोली उबदार ठेवून आणि कमरेखालचे कपडे पूर्ण सोडून बाळाला सपाट पृष्ठभागावर निजवतात. ते रडू लागले तर परीक्षा थांबवून पुन्हा घेणे योग्य. जोर लावून उत्तर मिळत नाही. दोन-तीन महिन्यांनंतर स्नायू आवळतात आणि गचका लागेनासा होतो. तेव्हा एक मांडी दुसरीइतकी न उघडणे हे अधिक विश्वसनीय चिन्ह. लंगोट बांधताना ते घरच्यांच्या प्रथम लक्षात येते. मांडीवरच्या नुसत्या वळ्या असमान असणे हा दुबळा पुरावा आहे. इटालियन शल्यविशारद गालेआत्सी यांच्या परीक्षेत गुडघे वाकवून त्यांची उंची ताडून पाहतात, पण दोन्ही खुबे निखळलेले असतील तर गुडघे समान दिसतात आणि फसगत होते.

सोनोग्राफी : लहान बाळाच्या मांडीच्या हाडाचे डोके कूर्चेचे असते आणि ते एक्स-रेत उमटत नाही. ऑस्ट्रियातील श्टोल्त्साल्प येथील राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० मध्ये ध्वनिलहरींनी ही अडचण सोडवली. उखळीच्या हाडी छपराचा ‘आल्फा’ कोन ६० अंश किंवा अधिक असेल तर सांधा परिपक्व. ५० ते ५९ अंश असेल आणि बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल, तर बहुधा केवळ अपरिपक्व. हाताला अस्थिरता लागली नसेल तर सोनोग्राफी सहाव्या आठवड्याच्या सुमारास करतात, कारण त्याआधी कोवळेपणच दोषासारखे दिसते. ऑस्ट्रियाने १९९२ पासून आणि जर्मनीने १९९६ पासून ती सर्व बाळांना लागू केली. ब्रिटनमध्ये जन्मानंतर ७२ तासांत आणि पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी हाताने परीक्षा होते, आणि सोनोग्राफी निवडक बाळांचीच करतात. नॉर्वेतील बर्गेन येथे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत सरसकट सोनोग्राफीने उशिरा सापडणारी प्रकरणे कमी दिसली, परंतु संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक ठाम ठरला नाही. साधनांची टंचाई असलेल्या देशांना निवडक पद्धतच परवडणारी दिसते.

सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही आणि ती दुखतही नाही. बाळाला पन्हळीसारख्या मऊ आधारात कुशीवर ठेवतात. आईचा हात त्याच्या खांद्यावर राहील, अशी ग्राफ यांच्या पद्धतीतच सोय आहे. बाळाला दचकवतो तो थंड जेलचा स्पर्श, म्हणून जेल कोमट करून घ्यायला सांगावे. साधारण चार ते सहा महिन्यांत मांडीच्या हाडाच्या डोक्यात अस्थिकेंद्र (कूर्चेचे हाड होऊ लागल्याचा ठिपका) दिसू लागले की एक्स-रे उपयोगी पडतो. त्यात पाय सरळ आणि ओटीपोट तिरके न होता धरावे लागते. धरणाऱ्याने शिशाचा अंगरखा घालावा आणि गरोदर स्त्रीने धरू नये. सांध्यात रंगद्रव्य सोडून चित्र घ्यायचे तर पूर्ण भूल लागते. त्याआधी अंगावरचे दूध साधारणपणे चार तास बंद ठेवतात. बाळाच्या झोपेपेक्षा ही भूकच घरच्यांची परीक्षा पाहते, म्हणून सकाळची पहिली वेळ मागून घेतात.

बाळाचे पाय सरळ व जुळवून दुपट्यात घट्ट आवळणे खुब्याला घातक, याविषयी आता फारसे दुमत नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात ही सवय सोडण्याची मोहीम झाली आणि त्यानंतर दोषाचे प्रमाण बरेच घटले. छाती आणि हात गुंडाळले तरी मांड्या मोकळ्या हव्यात. मालिश करताना पाय ओढून सरळ करणे टाळावे. कडेवर घेतलेल्या बाळाच्या मांड्या फाकलेल्या राहतात आणि ही ढब संरक्षक असावी, असे अनेक तज्ज्ञ मानतात. दोन-तीन लंगोट एकावर एक बांधण्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

भारतात २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जन्मजात दोषांच्या यादीत खुब्याचा हा दोष आहे. भारतीय तज्ज्ञांनी २०२१ मध्ये सहमतीने मांडलेल्या मार्गदर्शक वाटेत ही तपासणी लसीकरणाच्या भेटींशी जोडली आहे. मात्र लस टोचून बाळ रडायला लागण्याआधी खुबा पाहून घ्यावा.

दोष आढळल्यास चेक शल्यविशारद आर्नोल्ड पाव्लिक यांच्या नावाचा, मांड्या वाकवून फाकलेल्या ठेवणारा पट्टा बहुधा प्रथम देतात. तो दिवसाचे जवळजवळ सर्व तास काही आठवडे राहतो आणि मधूनमधून सोनोग्राफी होते. लंगोट पट्ट्याच्या आतून बदलायचा असतो. पट्टे घरी आवळू वा सैल करू नयेत. बाळ गुडघा ताठ करून लाथ मारेनासे झाले, तर मांडीच्या नसेवर दाब आलेला असू शकतो आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे लागते.