विहिरीच्या पाण्यात शिसे, आर्सेनिक आहे का? तपासणीसाठी अर्ज कसा करावा

घरची विहीर असो की शेतातली बोअर, तिचे पाणी कोणालाही तपासून घेता येते. जलजीवन मिशनखाली शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळा माफक शुल्कात सर्वसामान्यांसाठी खुल्या केल्या आहेत. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत आधी चौकशी करा.

अर्जात नाव, मोबाइल, गाव-तालुका, पाण्याचा स्रोत, नमुना घेतल्याची तारीख-वेळ आणि हवे असलेले धातू लिहा. ओळखपत्राची प्रत जवळ असू द्या. धातूंची नावे लिहायलाच हवीत. नुसते ‘पाणी तपासणी’ लिहिले, तर बहुधा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी), कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट एवढेच पाहिले जाते.

पैसे भरण्याआधी विचारा: कमीत कमी किती प्रमाण तुम्ही मोजू शकता? पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार दर लिटरला शिसे ०.०१, कॅडमियम ०.००३ आणि पारा ०.००१ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. ज्या यंत्राला ०.०५ च्या खालचे शिसे दिसतच नाही, त्याच्या अहवालातल्या ‘बीडीएल’ला (यंत्राला मोजता येईल त्याहून कमी) काही अर्थ नाही. मर्यादेच्या जवळपास पाचपट शिसे असले तरी तो अहवाल पाणी निर्दोष ठरवेल, आणि तेच पाणी घरातली लेकरे पीत राहतील. जिल्ह्यात सोय नसेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची खासगी प्रयोगशाळा गाठा. तिच्या मान्यतेच्या यादीत तुमचा धातू आहे का, तेही बघा.

बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि आकडा कमी येतो. आम्ल आधीच घातलेले असेल तर बाटली विसळू नका, ओसंडू देऊ नका, मुलांच्या हाती लागू देऊ नका. सामू, फ्लोराइडसाठी वेगळी बाटली लागते. बोअरचा पंप काही मिनिटे चालवून मगच नमुना घ्या. नळाच्या जोडणीतून शिसे येत असल्याची शंका असेल तर उलट करा: रात्रभर साठलेले सकाळचे पहिले पाणी भरा.

आकडा मर्यादेबाहेर आला तर ते पाणी पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी थांबवा. उकळून धातू जात नाहीत. अहवालाची प्रत जोडून ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाला लेखी कळवा, पोच घ्या. कारखान्याच्या सांडपाण्याचा संशय असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करून त्यांच्या अधिकाऱ्यालाच नमुना घ्यायला सांगा. जल अधिनियम १९७४ च्या कलम २१ मध्ये अशा नमुन्याची पद्धत ठरलेली आहे; ती पाळली नाही तर मंडळाने घेतलेल्या सांडपाण्याच्या नमुन्याचा निष्कर्षही न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही.